पक्षादेश मोडला, तरी खासदारकी राहिली : ऑस्ट्रेलियाच्या फातिमा पेमनची गोष्ट

२५ जून २०२४. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये, म्हणजे आपल्या राज्यसभेसारख्या वरच्या सभागृहात, मतदान सुरू होतं. पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता द्यावी, असा ठराव ग्रीन्स पक्षाने आणला होता. सत्ताधारी लेबर पक्षाचं ठरलं होतं, पाठिंबा द्यायचा नाही. पण हिजाब घातलेली लेबरची एक २९ वर्षांची सिनेटर उठली आणि थेट ग्रीन्सच्या बाजूला जाऊन बसली.

ठराव १३ विरुद्ध ५२ मतांनी पडला. तिच्या एका मताने निकाल बदलणार नव्हताच. तिचं स्वतःचं राजकारण मात्र बदलून गेलं.

ही सिनेटर म्हणजे फातिमा पेमन.

काबूल ते पर्थ

फातिमाचा जन्म १९९५ सालचा, काबूलमधला. तालिबानच्या काळात कुटुंब पाकिस्तानात गेलं. १९९९ मध्ये वडील बोटीने ऑस्ट्रेलियाला पोहोचले, तर तिथे त्यांना स्थानबद्ध केलं गेलं. सुटका झाल्यावर हॉटेलच्या किचनमध्ये मदतनीस, सिक्युरिटी गार्ड, टॅक्सी ड्रायव्हर अशी मिळेल ती कामं त्यांनी केली. २००३ मध्ये बायको-मुलं पर्थला आली. फातिमा तेव्हा आठ वर्षांची होती. पुढे आईने लोकांना गाडी चालवायला शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला.

२०१८ मध्ये वडील ब्लड कॅन्सरने गेले.

फातिमा कामगार संघटनेत काम करू लागली, मग लेबरच्या युवा शाखेत आली. २०२२ च्या निवडणुकीत पक्षाने तिला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं. या क्रमांकावरून निवडून येणं अवघड मानलं जायचं. पण त्या वर्षी लेबरची लाट होती आणि राज्यातली सहावी, म्हणजे शेवटची जागा तिला मिळाली. वय वर्षं २७. ऑस्ट्रेलियाच्या संसदेतली हिजाब घालणारी ती पहिली सदस्य. पहिल्या भाषणात वडिलांची आठवण काढताना तिला रडू आवरलं नाही.

मग वाद कशाचा?

लेबर पक्षाचा नियम कडक आहे. बैठकीत हवं तेवढं भांडा, पण निर्णय झाला की सगळ्यांनी एकत्रच मत द्यायचं. फातिमाचं म्हणणं होतं की पॅलेस्टाईनला मान्यता देणं हे पक्षाच्याच धोरणात लिहिलेलं आहे, मग तिचं चुकलं कुठे?

दुसरी बाजूही कमजोर नव्हती. परराष्ट्रमंत्री पेनी वाँग या स्वतः समलिंगी. तरीही समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर आपण वर्षानुवर्षं पक्षाची शिस्त पाळली, याची आठवण त्यांनी करून दिली. शिवाय फातिमाच्या नावापुढे थेट पडलेली मतं होती सुमारे १,६००, तर पक्षाच्या चौकटीत पडलेली पाच लाखांहून जास्त. मग ही जागा नक्की कुणाची?

आधी तिला पक्षाच्या एका बैठकीपुरतं निलंबित केलं गेलं. पुन्हा वेळ आली तर असंच मत देईन, असं तिने टीव्हीवर सांगितलं आणि निलंबन बेमुदत झालं. ४ जुलैला तिने पक्ष सोडला.

भारतात असं झालं असतं तर?

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार व्हीप मोडला किंवा स्वतःहून पक्ष सोडला, तर खासदार अपात्र ठरू शकतो. आमदार अपात्रतेच्या सुनावण्या पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत मात्र असा कायदा नाही. पक्ष गेला तरी खुर्ची राहते. म्हणूनच जून २०२८ पर्यंतची फातिमाची मुदत कायम राहिली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने 'ऑस्ट्रेलियाज व्हॉइस' हा स्वतःचा पक्ष काढला. २०२५ च्या निवडणुकीत या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

आणि २१ सप्टेंबर २०२५ रोजी लेबरच्याच सरकारने पॅलेस्टाईनला अधिकृत मान्यता दिली. ज्या मागणीसाठी मत दिल्यावर फातिमाचा पक्ष सुटला, ती मागणी सव्वा वर्षात सरकारचं धोरण झाली होती. तिची खरी परीक्षा पुढच्या निवडणुकीत आहे. तेव्हा मोठ्या पक्षाची चौकट पाठीशी नसेल, मतं स्वतःच्या नावावर मिळवावी लागतील.