सजगता आणि मानवी विकास : विद्यापीठीय अभ्यासक्रमाची मांडणी (वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात)

‘सजगता’ ही संज्ञा विद्यापीठीय वर्तुळात अलीकडे रूढ झाली असली, तरी तिचे मूळ पाली परंपरेतील ‘सति’ या संकल्पनेत आहे. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला ताणनिवारणाच्या उपक्रमाचे रूप दिले. आज अनेक अभ्यासक्रम हाच नमुना स्वीकारतात. वर्ध्यात मात्र निराळा आधार उपलब्ध आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. सूतकताईत अवधान ढळले की धागा तुटतो, निदान जाडाभरडा तरी होतो. अवधानाची पारख येथे हातातल्या कामातूनच होते, त्यासाठी प्रश्नावली लागत नाही. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवागत विद्यार्थ्यांनी आरंभी आश्रमात राहून प्रार्थना व श्रमदानात सहभागी होण्याची आणि पुढे एखाद्या गावाशी जोडले जाण्याची परंपरा आहे. नव्या अभ्यासक्रमाच्या रचनेस हा अनुभव मार्गदर्शक ठरावा.

‘मानवी विकास’ या पदाचेही दोन अर्थ आहेत. मानसशास्त्रात ते व्यक्तीच्या जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या वाढीस उद्देशून वापरले जाते. १९९० पासूनच्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आयुर्मान, शिक्षण व राहणीमान हे त्याचे निकष होत. वर्ध्यात केवळ पहिला अर्थ पुरणार नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदत योजनेत विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश होता, त्यांत वर्धा होता. कर्ज, कापसाचा भाव आणि कोरडवाहू शेती यांतून उद्भवलेल्या ताणावर श्वासनिरीक्षणाचा उपाय सुचविणे म्हणजे दुःखाची जबाबदारी दुःखितावरच टाकणे होय. म्हणून क्षेत्रकार्य हे या अभ्यासक्रमाचे अनिवार्य अंग असावे आणि विद्यार्थ्याने गावात प्रथम उपदेशक म्हणून नव्हे, तर ऐकणारा म्हणून जावे.

सर्वांत बिकट प्रश्न मूल्यमापनाचा आहे. चित्ताच्या शांततेस गुण दिले, तर विद्यार्थी शांततेचा अभिनय शिकेल! सैद्धांतिक आकलन, क्षेत्रनोंदी व प्रत्यक्ष काम यांनाच गुण असावेत. ध्यानसत्र ऐच्छिक व गुणमुक्त राहावे. मौनात काहींची अस्वस्थता वाढते, त्यामुळे सत्रातून कोणत्याही क्षणी उठून जाण्याची मुभा आणि प्रशिक्षित समुपदेशकाची उपलब्धता या बाबी अभ्यासक्रमास मान्यता देतानाच निश्चित व्हाव्यात.