कठीण, पण चिवट काय? अणुभट्टींतील पोलादाची कसोटी

करवीरच्या उद्यमनगरांतील किंवा शिरोलीच्या ओतशाळेंतील जाणत्या कारागिरास विचारावें, तर तो सांगेल कीं, कठीण असणें व चिवट असणें हे धातूचे दोन निराळे गुण होत. कानस पोलादास घासून काढते, पण फरशीवर जोरानें आपटली कीं तिचे तुकडे होतात. हाच भेद अणुवीजकेंद्रांत केवढा मोलाचा ठरतो, तें आज आम्ही वाचकांस सांगणार आहों.

तारापूर येथें १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. अशा केंद्रांत अणुइंधन जाड पोलादी पात्रांत असतें, व त्या पात्राच्या भिंतीवर न्यूट्रॉनांचा मारा वर्षानुवर्षें होत राहतो. न्यूट्रॉनास विद्युद्भार नसल्यामुळें तो थेट अणुगर्भावर आदळतो. लोखंडाचा अणु जागचा उडून शेजाऱ्यांस ढकलतो. मागें रिकामी जागा उरते. बहुतेक अणु क्षणार्धांत स्थिरावतात, कांहीं भलत्याच ठिकाणीं अडकतात. पोलादांत तांब्याचा अंश असल्यास त्याचेही सूक्ष्म पुंजके जमतात.

धातु वांकतो, तो त्यांतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात म्हणून. या अडथळ्यांनीं तें सरकणें रोखलें जातें. पोलाद पूर्वीपेक्षां कठीण होतें खरें, परंतु आघात सोसण्याची त्याची शक्ति घटते. आणि ज्या उष्णमानाखालीं तें ठिसूळ बनतें, तें उष्णमान चढत जातें. अशा तप्त पात्रांत अकस्मात् थंड पाणी सोडण्याचा प्रसंग आला, तर एखादी बारीक चीरही घातक ठरेल!

म्हणून त्याच पोलादाचे लहान नमुने आरंभींच पात्रांत, भिंतीपेक्षां इंधनाच्या अधिक जवळ ठेवितात. त्यांवर मारा अधिक, म्हणून भिंतीचें भवितव्य ते आधींच सांगतात. ठराविक काळानें नमुना काढून झुलत्या हातोड्यानें मोडावा, व मोडण्यास किती शक्ति लागली तें मोजावें, अशी ही परीक्षा आहे. तारापूरचे नमुने भाभा अणुसंशोधन केंद्रानें असेच तपासले आहेत.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. रशियन बनावटीच्या कांहीं भट्ट्यांचीं पात्रें सुमारें ४७५ अंश सेंटिग्रेडपर्यंत कित्येक तास तापवून त्यांचा चिवटपणा बव्हंशीं परत मिळविला गेला. परंतु खरा उपाय आरंभींचाच: पोलादांत तांबें व फॉस्फरस अत्यल्प ठेवणें. मोडींतून पोलादाच्या रसांत शिरलेलें तांबें मागाहून काढणें किती दुष्कर, हें आमच्या ओतकाऱ्यांस सांगावयास नको. ओततांना घेतलेली काळजीच चाळीस वर्षांनीं कामास येते!