मामाची गाडी आणि माझी व्हायव्हा

हायड्रॉलिक ब्रेकचं गणित आपण सगळ्यांनीच सोडवलंय. पेडलवर अमुक न्यूटन बल, मास्टर सिलिंडरचा व्यास तमुक, पास्कलचा नियम लावायचा, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या की झालं! गणिताच्या शेवटी एक छोटी ओळ असते, 'गळती नाही असे समजा'. हे 'समजा' केवढं मोठं आहे ते मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडला मामाच्या गॅरेजमध्ये कळलं.

मामाकडे १९७१ सालची एमजीबी आहे. दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत असे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे आपल्या टेम्पोसारखे पाटे. आणि चारही चाकांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट. म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, हाती उरतो तो हँडब्रेक.

तिकडे गाड्यांना दरवर्षी एमओटी नावाची सक्तीची तपासणी असते. पण मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना ती माफ आहे. मी खूश झालो. मामा म्हणाला, "अरे, परीक्षक नाही म्हणून पेपर सोपा होत नाही. या गाडीत तुझी मामी बसणार आहे."

गाडीचा आजार असा, की ब्रेक दाबला की ती उजवीकडे ओढायची. मी लगेच म्हणालो, "अलाइनमेंट गेली असेल."

"मग ती कायम ओढेल. फक्त ब्रेक मारल्यावरच का ओढेल?"

झाली व्हायव्हा सुरू! मग मी म्हटलं, डाव्या कॅलिपरचा पिस्टन जाम असेल. मामालाही पटलं. नवे पॅड टाकले, पण फरक शून्य. मग मात्र आम्ही अंदाज बंद केले आणि चाचण्या सुरू केल्या.

गाडी लोखंडी स्टँडवर घेतली. (नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, ही पहिली शपथ.) ब्रेक दाबून सोडला. उजवं चाक मोकळं फिरलं, डावं घट्टच. आता डाव्या कॅलिपरचा ब्लीड निपल किंचित सैल केला. चिर्र करून ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं! विचार करा. पिस्टन जाम असता तर ऑइल सोडूनही चाक घट्टच राहिलं असतं. म्हणजे तिथे दाब अडकला होता. मास्टर सिलिंडर दोषी असता तर उजवं चाकही अडकलं असतं. उरली फक्त डावीकडची रबरी नळी. ती काढून उभी चिरली. बाहेरून नव्यासारखी, आतून फुगून भोक जवळजवळ बंद. पायाच्या जोराने ऑइल उशिरा का होईना आत जायचं, पण परत यायला जोर नाही. म्हणून ब्रेक मारताना डावं चाक मागे राहायचं आणि गाडी उजवीकडे जायची. लक्षण एकीकडे, रोग दुसरीकडे! उजवी नळी त्याच वयाची, म्हणून तीही बदलली.

नंतर सस्पेन्शन. पुढच्या विशबोनचे रबरी बुश पार चुरा झाले होते. ते काढायला आधी स्प्रिंग उतरवावी लागते. समजा स्प्रिंगचा स्टिफनेस ६० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे आणि ती १०० मिलिमीटर दाबलेली आहे. अर्धा के एक्स वर्ग केलं की ३०० जूल होतात. दहा किलोचं वजन तीन मीटरवरून डोक्यात पडावं तसं! म्हणून स्प्रिंगच्या बैठकीखाली जॅक लावून तो हळूहळू उतरवायचा आणि आपण बाजूला राहायचं.

इथेच माझी फजिती झाली. आम्ही धातूच्या नळीला रबर चिकटवलेले बुश आणले होते. मी ते बसवून, चाक हवेत लटकत असतानाच, नट जोर लावून आवळले. मामाने पाहिलं आणि सगळे सैल करायला लावले. कारण असा बुश घसरत नाही, पिळला जातो. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळायचं. हे मला कोणत्याच सेमिस्टरला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी ब्लीडिंग. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. मामा पेडल दाबणार, मी निपल उघडणार. पेडल वर यायच्या आत निपल बंद, नाहीतर हवा परत आत. हवा दाबली जाते, ऑइल जवळजवळ नाही. म्हणून आत हवा राहिली की पेडल स्पंजासारखं लागतं.

आम्ही एमओटी स्वखुशीने करून घेतली. रोलरवर दोन्ही पुढच्या चाकांचे आकडे जवळजवळ सारखे आले. त्या दिवशी मामी पुढे बसली आणि मी फुटपाथवरून हात हलवला. (सीट दोनच!)

आता हॉस्टेलच्या शेडमधल्या बाइकवाल्यांसाठी. डिस्क ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषल्यावरची मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच आणि सीलबंद डब्यातलंच घ्या. रबरी सील पेट्रोलने धुऊ नका, ते फुगतात. जुन्या ड्रममधली धूळ फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि काम येत नसेल तर चांगल्या मेकॅनिककडे जा, पण शेजारी उभं राहून 'का?' एवढं नक्की विचारा.

कारण रस्त्यावर एटीकेटी मिळत नाही.