उचल फिटते कधी?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि त्यावर दाटीवाटीने बसलेली माणसं. धारूर, वडवणी, पाटोद्याकडची कित्येक घरं मार्च-एप्रिलपर्यंत कुलूपबंद राहतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी कर्नाटकात. आम्हा शिक्षकांना हे हजेरीपटावरूनच कळतं.

ऊसतोड कामगारांच्या हक्कांची चर्चा बहुधा कायद्यापासून सुरू होते. आम्हाला वाटतं, ती उचलीपासून सुरू व्हावी. मजुराचा व्यवहार कारखान्याशी नसतो, मुकादमाशी असतो. घरात पैसा नसतो त्या पावसाळ्यात मुकादम आगाऊ रक्कम देतो. लग्न, दवाखाना, जुनी देणी यात ती संपून जाते. काम मात्र त्यानंतर सुरू होतं.

आता आठवीच्या मुलांना घालावं असं एक गणित. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. या जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर 732 रुपये होतात. उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला 137 दिवस लागतात, म्हणजे साडेचार महिने, तेही एकही खाडा न करता. आणि खाडा झाला तर दंड कापला जातो. पाऊस पडला, कारखाना बंद राहिला, बाळ आजारी पडलं, की हंगाम संपतो आणि बाकी उरते. मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. मजुरी हातात येतच नाही, नुसती वहीत वजा होते. आणि वही मुकादमाची!

यात बाईचे हाल विचारू नका. कोयत्यात ती अर्धी, पण उचल नवऱ्याच्या हाती पडते. पहाटे भाकऱ्या थापायच्या, दिवसभर मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, रात्री गाडी आली तर भरायला उठायचं. गेली काही वर्षं रमजानही हंगामातच येतो. फडात ना न्हाणीघर, ना संडास. पाळीच्या दिवसांतही सुट्टी परवडत नाही. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला तेव्हा 2019 मध्ये सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. या आकड्याला नुसता आरोग्याचा प्रश्न म्हणणं आम्हाला पटत नाही. खाड्याची भीतीही त्यात आहे.

कायदे नाहीत असं नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं. तशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. स्थलांतरित मजुरांसाठी 1979 चा कायदा आला, त्यात ठेकेदाराने मजुराला फोटोसह पासबुक द्यावं असं होतं. पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता. बीडहून बेळगावला गेलेला त्यात बसे, कोल्हापूरला गेलेला बसत नसे.

म्हणून स्वतःची वही हवी. तुमच्या मोहल्ल्यातून, नात्यातून कुणी ऊसतोडीला जात असेल तर त्यांना निघण्याआधी एवढं सांगा. उचल किती घेतली, कोणत्या तारखेला, दर काय ठरला, हे मुकादमाच्या सहीनिशी लिहून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. प्रत्येक खेपेच्या काट्याच्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरातली शिकलेली मुलगी हा हिशेब सहज ठेवू शकते, आणि मुकादमापेक्षा नेटका ठेवते! ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या. रेशनकार्ड सोबत न्या, धान्य दुसऱ्या गावीही मिळतं.

मुलं मागे आजीजवळ किंवा वसतिगृहात राहणार असतील तर उत्तमच. सोबत न्यायची झाली तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत मूल बसतं, आणि परतल्यावर त्याचं नाव आमच्या पटावर असतंच.