कोल्हापुरातील तालीम मंडळे आणि युवा फुटबॉल प्रशिक्षण : लोकसहभागाचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

महाराष्ट्रात क्रिकेटने अन्य सांघिक खेळांना झाकोळून टाकले असले, तरी कोल्हापूर शहर यास अपवाद आहे. येथे पेठापेठांतील ईर्षा फुटबॉलच्या मैदानावर व्यक्त होते आणि छत्रपती शाहू स्टेडियमवरील स्थानिक सामन्यास हजारोंची गर्दी लोटते. हा खेळ येथे रुजविण्याचे श्रेय मुख्यतः तालीम मंडळांकडे जाते. या मंडळांतून घडणारे युवा प्रशिक्षण, त्यामागील लोकसहभाग आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तालीम : क्लबचे स्थानिक रूप

राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) राजाश्रयामुळे कोल्हापुरात कुस्ती बहरली. इ.स. १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान ही त्या पर्वाची साक्ष होय. मात्र तालीम ही केवळ पैलवानांची व्यायामशाळा कधीच नव्हती. पेठेतील तरुणांनी एकत्र येण्याचे, उत्सव पार पाडण्याचे आणि संकटात धावून जाण्याचे ते ठिकाण होते. २०१९ व २०२१ च्या महापुरांतही तालमी व तरुण मंडळे मदतकार्यात उतरली होती. याच सामाजिक बांधणीवर फुटबॉल संघ उभे राहिले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे त्यामुळेच एकाच वेळी तालमींची आणि फुटबॉल संघांची आहेत.

युरोपातील व्यावसायिक क्लबला बहुधा मालक वा भागधारक असतात. तालमीचा संघ मात्र पेठेचा असतो. वर्गणी, स्थानिक व्यापाऱ्यांच्या देणग्या आणि माजी खेळाडूंचे श्रमदान यांवर त्याचा गाडा चालतो. त्यामुळे अल्प उत्पन्न गटातील मुलासही खेळाचे दार खुले राहते. ज्या वरिष्ठ खेळाडूस तो मैदानावर पाहतो, तोच त्याचा शेजारी असतो. प्रेरणेचे इतके निकटचे साधन शुल्क आकारणाऱ्या अकादमीस सहजी लाभत नाही. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा याच शहराचा आहे.

प्रशिक्षणाची शास्त्रीय बाजू

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे युवा प्रशिक्षणाचे मूलतत्त्व आहे. प्रौढांच्या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सें.मी. व वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. लहान मुलांसाठी याहून लहान व हलके, म्हणजे तीन व चार क्रमांकाचे चेंडू वापरले जातात. पूर्ण मैदानावर अकरा-अकरा मुलांचा सामना खेळविल्यास बहुतेक मुलांच्या वाट्याला चेंडू क्वचितच येतो. पाच किंवा सात जणांच्या संघात तो वारंवार येतो आणि निर्णयक्षमता विकसित होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘बेबी लीग’मागे हाच विचार आहे.

तालमीतील प्रशिक्षण प्रामुख्याने माजी खेळाडूंच्या अनुभवावर आधारलेले असते. हा अनुभव मोलाचा आहे. तथापि वाढीच्या वयातील दुखापती, आहार व विश्रांती यांचे ज्ञान केवळ अनुभवातून येत नाही. महासंघाच्या श्रेणीबद्ध प्रशिक्षक परवान्यांची जोड त्यास मिळणे अगत्याचे आहे. तसेच लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याची माहिती मुलांना शिकविणाऱ्या प्रत्येकास असावयास हवी.

नोंदणी : दुर्लक्षित हक्क

फिफाच्या नियमांनुसार खेळाडूचे एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे सशुल्क हस्तांतर झाल्यास, शुल्काच्या ५ टक्के रक्कम त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांदरम्यान घडविणाऱ्या क्लबांत विभागली जाते. १२ ते १५ या वयातील प्रत्येक वर्षासाठी शुल्काच्या ०.२५ टक्के आणि १६ ते २३ या वयातील प्रत्येक वर्षासाठी ०.५ टक्के असा वाटा असतो. समजा, शुल्क १ कोटी रुपये आहे. तर १२ ते १५ अशी चारही वर्षे मुलास शिकविणाऱ्या क्लबला १ लाख रुपये मिळू शकतात. मात्र त्यासाठी त्या वर्षांतील खेळाडूची नोंदणी अधिकृत असावी लागते. जो मुलगा तालमीच्या अंगणात घडला पण ज्याची नोंद कागदावर नाही, त्याच्या जडणघडणीचे श्रेय व मोबदला दोन्ही तालमीस मिळत नाहीत. अशी हस्तांतरे विरळा असली, तरी नोंदणीची शिस्त वयचोरीसही आळा घालते, हे लक्षात घ्यावयास हवे.

लोकसहभागाच्या मर्यादा

पेठेची अस्मिता ही या खेळाची शक्ती आहे, तशीच ती त्याची दुर्बलताही आहे. समर्थकांतील हाणामारीचे प्रसंग कोल्हापूरच्या मैदानाने पाहिले आहेत. अशा प्रसंगी गुन्हा दाखल झालेला तरुण अनेकदा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीच्या वेळी त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. पेठ ती मोजत नाही. शिवाय विजयाच्या हव्यासापोटी बाहेरील खेळाडूंवर खर्च केला जातो, तेव्हा कुमार गटासाठी निधी उरत नाही. तिसरी मर्यादा मुलींच्या सहभागाची. तालीम ही परंपरेने पुरुषांची जागा आहे. २०१९ मध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ इंडियन वुमेन्स लीगमध्ये खेळला. येथील मुलींच्या फुटबॉलला राष्ट्रीय व्यासपीठ मिळू शकते, हे त्यावरून दिसते; परंतु तालमींची रचना त्या प्रमाणात बदललेली नाही.

महाविद्यालयांची भूमिका व समारोप

या संदर्भात महाविद्यालये तीन गोष्टी करू शकतात. शारीरिक शिक्षण विभागाने तालमीतील प्रशिक्षकांसाठी दुखापत व आहार या विषयांवर अल्पमुदतीची शिबिरे घ्यावीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी खेळाडूंच्या नोंदणीस आणि सामन्याच्या दिवशी गर्दीच्या नियोजनास हातभार लावावा. मोकळी असलेली महाविद्यालयीन मैदाने ठरावीक वेळी मुलींच्या सरावासाठी द्यावीत.

तालमीने मुलांना मैदान, माणसे आणि आपलेपणा दिला. त्यास शास्त्र, नोंद आणि संयम यांची जोड देणे हे शिक्षणसंस्थांचे काम आहे. वर्गात अनुपस्थित असणारा विद्यार्थी बहुधा सायंकाळी मैदानावर असतो. तेथे त्याचे काय घडते, याविषयी प्राध्यापकाने उदासीन राहणे योग्य ठरणार नाही.