बाह्य हार्ड डिस्कची खरेदी : भाव आणि मोल

दसरा-दिवाळी जवळ आली कीं व्यापाऱ्यांत सूट देण्याची अहमहमिका सुरू होते. वर्धा शहरांतील दुकानांपासून घरपोच माल पाठविणाऱ्या मोठमोठ्या पेढ्यांपर्यंत सर्वत्र 'इतके टक्के सवलत' हीं अक्षरें झळकूं लागतात. या सवलतींत सुशिक्षित कुटुंबांचें लक्ष वेधून घेणारी एक वस्तु म्हणजे घरच्या संगणकाला बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क. लग्नकार्याचीं छायाचित्रें, आजोबांच्या पत्रांच्या प्रती, शेताचा सातबारा, मुलांचीं प्रमाणपत्रें, अशी घराची सारी ठेव या लहानशा पेटींत मावते. म्हणूनच ती विकत घेतांना भावाइतकाच दुसऱ्याहि कांहीं गोष्टींचा विचार करणें अगत्याचें आहे.

या पेटींत असतें तरी काय? कांचेची किंवा ॲल्युमिनियमची अत्यंत गुळगुळीत तबकडी, आणि तिच्यावर चुंबकत्व धारण करणारा पातळ लेप. लहान बाह्य पेट्यांतील तबकडी सामान्यतः मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि लेखन-वाचन करणारें शीर्ष तिच्या पृष्ठभागाला न टेकतां अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. माणसाचा केस या अंतराच्या हजारों पट जाड असतो! तबकडी फिरत असतांना पेटीला धक्का बसला तर केवढा अनर्थ होईल, हें यावरून ध्यानांत यावें. १९५६ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें या जातीचें पहिलें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारें एक टन होतें, आणि त्यांत मावत होतीं फक्त ५० लाख अक्षरें. आज खिशांत राहणारी एक टेराबाइटची पेटी त्याच्या सुमारें दोन लाख पट मजकूर सांठविते.

आतां सवलतीचा हिशेब पाहूं जातां पहिली गोष्ट अशी, कीं सवलत ही बहुधा छापील कमाल किंमतीवर मोजलेली असते. आणि त्या किंमतीला ती वस्तु एरवींहि क्वचितच विकली जाते. तेव्हां टक्क्यांकडे न पाहतां दर टेराबाइटला किती रुपये पडतात, हें पाहावें. समजा, एक टेराबाइटची पेटी ५००० रुपयांना व दोन टेराबाइटची ७००० रुपयांना मिळते. पहिलीवर सूट अधिक लिहिलेली असली तरी दुसरीचा दर ३५०० रुपयेच पडतो. मात्र गरज एकाच टेराबाइटची असेल, तर तो स्वस्त दरहि महागच पडावयाचा. भावाची चढउतार दुकानदाराच्या मर्जीवरच अवलंबून असते असेंहि नाहीं. २०११ सालीं थायलंडांत महापूर आला, तेथील कारखाने पाण्याखालीं गेले, आणि हार्ड डिस्कचे भाव जगभर भडकले.

पेटी घरीं आणून जोडल्यावर एक टेराबाइटच्या जागीं संगणक ९३१ हाच आंकडा दाखवितो, आणि ग्राहकाला फसविल्यासारखें वाटतें. येथें फसवणूक नाहीं. कारखानदार एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतो, आणि पुष्कळ संगणक १०२४ च्या पटीनें मोजतात. माप निराळें, माल तोच.

खरी फसवणूक निराळीच असते. कांहीं शें रुपयांत सोळा टेराबाइट देऊं करणाऱ्या पेटींत बहुधा तबकडी नसतेच. एक क्षुद्र स्मृतिपत्र असतें, आणि संगणकाला खोटा आंकडा सांगण्याची त्याला शिकवण दिलेली असते. पहिले कांहीं दिवस सारें सुरळीत चालतें. खरी जागा संपल्यावर मात्र नव्या मजकुराखालीं जुना मजकूर पुसला जातो, किंवा नवा मजकूर लिहिलाच जात नाहीं. आणि यांतलें कांहींच मालकाला कळत नाहीं. यावर उपाय एकच. माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं पेटी कांठोकांठ भरावी आणि भरलेलें सर्व पुन्हां वाचून पाहावें.

वेष्टनावरील बारीक अक्षरेंहि दुर्लक्षूं नयेत. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणें कमाल किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष, आणि आयात करणाऱ्याचें नांव-पत्ता छापणें बंधनकारक आहे. पावती जपून ठेवावी; वाद झाल्यास १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे व पुढें जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतांना तीच उपयोगीं पडते. हमीचा अर्थहि नीट समजून घ्यावयास हवा. पेटी बिघडली तर कंपनी पेटी बदलून देते. पेटींतील छायाचित्रें परत देण्याचें वचन ती सामान्यतः देत नाहीं.

वर्धेकरांनीं आणखी एका गोष्टीची दखल घेणें जरूर आहे, ती म्हणजे विदर्भाचा उन्हाळा. पुष्कळशा बाह्य हार्ड डिस्कांच्या माहितीपत्रकांत वापराची मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. आणि वर्ध्याला मे महिन्यांत दुपारीं पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हां शेंकडों छायाचित्रें उतरविण्याचें काम सकाळच्या थंड वेळीं उरकावें, उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत पेटी विसरूं नये, आणि कूलरच्या ओलसर झोतासमोर ती मांडूं नये. मजकूर लिहिला जात असतांना वीज गेली तर तो अर्धवट राहून बिघडूं शकतो. म्हणून मेजावरच्या संगणकाला यू. पी. एस. ची जोड असावी. हलत्या भागांची भीति नको असेल, तर एस. एस. डी. ही निराळ्या जातीची पेटी मिळते. ती वेगवान व धक्के सोसणारी असते. पण जागेच्या मानानें महाग पडते, आणि वीज न देतां वर्षानुवर्षें कपाटांत ठेवण्यास तितकीशी योग्य नसते.

वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योग संघाचें काम चालविणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचा 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हा ग्रंथ १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. पैशाचें माप वस्तूचें सारें मोल सांगूं शकत नाहीं, हा त्यांच्या विचाराचा एक गाभा होता. हार्ड डिस्कच्या बाबतींत तो अक्षरशः खरा ठरतो. पेटीचा भाव कांहीं हजार रुपये. परंतु निवर्तलेल्या आईचा आवाज जींत जपला आहे त्या ध्वनिमुद्रिकेचा भाव कोण ठरविणार?

आणि कोणतीहि हार्ड डिस्क, मग ती कितीहि नामांकित कंपनीची असो, केव्हां तरी बंद पडणारच. म्हणून सवलतींतून वांचलेल्या पैशाचा उत्तम उपयोग म्हणजे एका मोठ्या पेटीऐवजीं दोन बेताच्या पेट्या घेणें. मूळ मजकूर संगणकावर राहूं द्यावा, एक प्रत घरच्या कपाटांत ठेवावी, आणि दुसरी हिंगणघाट किंवा नागपूर येथील विश्वासू नातेवाइकाकडे. दर दिवाळीला व अक्षय्यतृतीयेला दोन्ही पेट्या उघडून पाहाव्या, नवा मजकूर त्यांत भरावा आणि त्यांची अदलाबदल करावी. मग चोरी झाली, आग लागली किंवा तबकडी अडकली, तरी घराची ठेव दुसरीकडे शाबूत राहील. ज्या घरीं एवढी व्यवस्था झाली, त्या घरीं सवलतीचा खरा लाभ पदरांत पडला असें म्हणावयास हरकत नाहीं.