३१ जुलैचा अहवाल वाचता का?

माझा धंदा सोलर वॉटर हीटरचा. परवा एक तरुण पत्रकार दुकानात आली. हवामानबदलावर पुण्यातलीच बातमी करायची होती, पण आकडे कुठे मिळतील म्हणाली.

आकडे महापालिकेकडेच असतात! महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. (मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा.)

एकच अहवाल वाचून काही कळत नाही. मागच्या दोन वर्षांचे शेजारी ठेवा. मी आधी वाहनांचं पान उघडतो, मग सांडपाण्याचं. रोज किती तयार होतं आणि किती शुद्ध होतं, यातली तफावत बघा. मुठा नदीला वास का येतो ते तिथंच कळतं. किती झाडं लावली, हा आकडा मी सोडून देतो. जगली किती, ते विचारा.

पेपरात या अहवालाची एक दिवस बातमी येते, मग सामसूम. वार्ताहरांना तरी काय बोलायचं? एकाच माणसाकडे पाणी, रस्ते, शाळा, गणपती मंडळं, सगळंच.

म्हणून पाठपुरावा आपणच करायचा. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना सहभाग घेता येतो. प्रभागातली छोटी कामं आपण अर्ज भरून सुचवू शकतो. अर्जाला अहवालातलं संबंधित पान जोडा. क्षेत्रीय कार्यालयात तो जरा नीट वाचला जातो, हा स्वानुभव.

अहवाल सापडला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये. मसुदा हवा असेल तर शहराचं नाव लिहून विचारा, पाठवतो.